मे महिन्याची तारीख

१६ फेब्रुवारी, रविवार

अंकितचं साक्षगंध झालं. एकुलत्या एका मुलाचं. पाय दुखतात, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

हिंगणघाटला विहाराच्या सभागृहात कार्यक्रम होता. नंदिनीचे वडील प्रेमदासजी सूतगिरणीतून निवृत्त झालेत, विहाराचं वाचनालय चालवतात आणि माइक हातात आला की सोडत नाहीत. पण माझी ओळख करून देताना त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ह्या आपल्या मोहिनीताई. वर्धा आगारात बावीस वर्षं कंडक्टर. एक तक्रार नाई." टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, पण ती खाली ठेवायला मला कष्ट पडले हे इथे कबूल करते. खाकी पहिल्यांदा अंगावर चढवली तेव्हा देवळीच्या स्टँडवर माणसं आपली बस सोडून मला पाहत थांबायची. आज त्याच माणसांच्या नाती मला आत्या म्हणून हाक मारतात.

नंदिनी कृषी सहायक आहे. मोटरसायकलवर गावं फिरते आणि शेतकऱ्यांना चार शब्द सुनावते. तिची आई ती लहान असतानाच गेली, घरी बापलेक दोघंच. मला सून अशीच हवी होती.

जेवणं आटोपल्यावर प्रेमदासजींनी खिशातून डायरी काढली आणि पंचवीस मे, रविवार असं जाहीर केलं. शाळांना सुट्ट्या, पाहुण्यांना सवड. सगळे हो म्हणाले. माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. मी फक्त "पाहू" म्हणाले. वरमाई भाव खाते आहे, असं लोकांना वाटलं असणार. वाटू दे.

२ मार्च, रविवार

तारखेचा विषय आज पुन्हा निघाला. तोंडाने मी नवऱ्याला अहो म्हणते, डायरीत प्रभाकर. तर प्रभाकरचं देवळीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि मार्च ते जून म्हणजे कूलरचा सीझन. या दिवसांत तो जेवायलाही मोटर काखेत मारून येतो आणि शीळ घालत येतो. लग्न झाल्यापासून पाहते आहे, ऊन चढलं की हा माणूस फुलतो.

मी म्हटलं, मे नको, म्हातारी माणसं मांडवात चक्कर येऊन पडतील. तो हसायलाच लागला. म्हणाला, "माह्या पोराचं लग्न, अन् तू मले उन्हाचं भेव दाखवतं? चवदा कूलर लावतो." साक्षगंधाच्या पाकिटाच्या मागे त्याने लगेच मांडवाचा नकाशा काढला. सात इकडे, सात तिकडे, मधे पाण्याचा फवारा. मी पाण्याची अडचण काढली, त्याने टँकर काढला. मी म्हटलं, लोक दुसऱ्या लग्नांत अडकतील. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, असं सांगून मी भांडी घासायला गेले.

इथे लिहायला तरी कुणाची भीती? तरीही पेन पुढे सरकत नाही.

११ मार्च, मंगळवार

सालोडच्या पुढे रस्त्याला पळस फुललाय. बसमधल्या कॉलेजच्या मुली खिडकीतून फोटो काढत होत्या. मी तोंड फिरवलं.

लिहूनच टाकते. होळीच्या आसपास हे सुरू होतं आणि जुलै लागला की जातं. आधी झोप जाते. चार वाजता डोळे उघडतात, आणि खिडकीत उजेड आला की वाटतं, आता हा एवढा मोठा दिवस संपवायचा कसा? मग जेवण जातं. घास तोंडात फिरत राहतो. मग राग येतो, कुणावरही. आज पुलगावच्या फेरीला एका म्हातारीला तिचं पंच्याहत्तरीचं मोफत प्रवासाचं कार्ड सापडेना. मी तिच्यावर अशी ओरडले की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. म्हातारी थरथरत पिशवी उपसत राहिली. कार्ड निघालं. मी तिकीट दिलं, मागच्या दाराशी गेले आणि देवळी येईपर्यंत बाहेर तोंड करून रडले. डोळ्यांत धूळ गेली हे कारण कंडक्टरला कधी कमी पडत नाही.

शेजारच्या तानाबाई वाटीभर कांदा आणि कैरीचं पन्हं घेऊन आल्या. दरवर्षी येतात. "ऊन लागलं तुले," म्हणतात. प्रभाकरने माझ्या खोलीच्या कूलरला नवा वाळा भरला, तोही दरवर्षी भरतो. मीही सगळ्यांना ऊन लागलं असंच सांगते. पण आज अकरा मार्च आहे आणि रात्री अजून चादर लागते. ऊन आहे कुठे?

अंकितला दहावीत ब्याण्णव टक्के मिळाले तो जून आठवतो. मी सगळ्या आगारात पेढे वाटले, सगळ्यांशी हसले. घरी येऊन मोरीत नळ सोडला आणि आवाज ऐकू जाणार नाही अशा बेताने रडले. कशासाठी ते मला आजही सांगता येत नाही. मुलाच्या आनंदाचा दिवस होता आणि माझ्या आत काहीच नव्हतं. त्याची लाज गेली नाही.

पंचवीस मेला मला तसंच उभं राहायचं आहे. या वेळी मोरीही नसेल.

१८ मार्च, मंगळवार

चक्कर येते असं सांगून वर्ध्याला एका दवाखान्यात गेले. डॉक्टरीण अंकितच्याच वयाची. तिने रक्तदाब मोजला, तो चांगला निघाला. मग झोप विचारली, भूक विचारली, आणि हे दरवर्षी याच महिन्यांत होतं का असं विचारलं. मी हो म्हणाले. किती वर्षं? मी म्हटलं, लग्न झाल्यापासूनची तरी आठवतात.

तिने पेन ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. ऋतूबरोबर येणारी उदासी असते. पुष्कळांना ती थंडीत येते. काहींना उलट, वसंतात आणि उन्हाळ्यात येते. अशी माणसं कमी असतात, पण असतात. हा मनाचा आजार आहे, त्याला औषध आहे, बोलणंही आहे.

मनाचा आजार. मला. भर रस्त्यात दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवणाऱ्या बाईला. मी तिला म्हटलं, बाई, मी आठ तास उभं राहून नोकरी करते, मला असली थेरं परवडत नाहीत. ती रागावली नाही. चिठ्ठी लिहून दिली. मी चिठ्ठी पर्समध्ये कोंबली आणि घरी रक्तदाब बरा आहे एवढंच सांगितलं.

परत येताना बसमध्ये मात्र मनात एकच घोळत होतं. काही माणसं असतात, म्हणाली. म्हणजे मी एकटी नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गावात कुणी तरी बाई पळस पाहून तोंड फिरवत असेल.

२५ मार्च, मंगळवार

अंकितला सांगितलं, प्रेमदासजींना कळव, लग्न डिसेंबरात. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, मला मे नको, बस.

तो बँकेत कारकून आहे, आवाज चढवत नाही. बूट काढता काढता तसाच थांबला आणि म्हणाला, "आई, तुले नंदिनी पसंत नाई का?"

माझ्या तोंडून नाही निघायला हवं होतं, ओरडून निघायला हवं होतं. पण एवढंच म्हणाले, उगाच काही बोलू नको. तो आत गेला. जेवायला आला तेव्हा ताटाकडेच पाहत जेवला.

३१ मार्च, सोमवार

अंकितने प्रेमदासजींना कळवलं. आता डिसेंबरचं ठरवायचं तर हॉल हवा. आपल्यात मुहूर्त पाहत नाहीत, त्यामुळे आपली माणसं उलटा हिशोब करतात. बाकीच्यांचे मुहूर्त ज्या दिवशी नाहीत असा रविवार शोधायचा, त्या दिवशी हॉल हमखास रिकामा. म्हणून मी तानाबाईंकडून पंचांग आणलं. जन्मात पहिल्यांदा ते पुस्तक हातात घेतलं. पलंगावर बसून डिसेंबरचे मुहूर्त पेन्सिलीने गोल करत होते, म्हणजे तेवढे वगळता येतील.

तेवढ्यात प्रेमदासजींचे धाकटे भाऊ किसनराव अंकितच्या सुटाचं माप घ्यायला आले. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर ते पंचांगाकडे आणि त्यातल्या गोलांकडे पाहत उभे. माप न घेताच चहा पिऊन गेले. जाताना डोळ्याला डोळा दिला नाही.

हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण या दिवसांत एक वाक्य बोलायचं म्हटलं तरी डोंगर चढायचा असतो. उद्या सांगू म्हटलं.

५ एप्रिल, शनिवार

प्रेमदासजींचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच भीती वाटली.

म्हणाले, "ताई, माह्या बापानं छप्पन सालात घरातलं पंचांग विहिरीत टाकलं. ज्या घरात गोल करकरून तारीख काढतात, त्या घरात मी पोरगी नाई देत. जयंती होऊन जाऊ द्या. मंग येऊन तुमचं सामान वापस करतो."

फोन ठेवला तेव्हा मी रागाने पेटले होते. त्या रागाला इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा काही कारण होतं. माझे आजोबा देवळीहून नागपूरला पायी गेले होते दीक्षेला, चार वर्षांचा माझा बाप खांद्यावर घेऊन. माझ्या लग्नात पत्रिका हा शब्द काढणाऱ्या मामाला आजीने पंगतीतून उठवलं होतं. आणि मी पंचांगवाली?

अंकित माझ्याशी बोलत नाही. प्रभाकर दुकानात शीळ घालत नाही. माझं एक न बोललेलं वाक्य या घरातलं लग्न मोडायला निघालं आहे.

१३ एप्रिल, रविवार

आज साप्ताहिक सुट्टी. कुणाला न सांगता हिंगणघाटला गेले.

रात्री तीनदा उठले होते. सकाळी वेणी घालायला अर्धा तास लागला. बसमध्ये खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत राहिले. कंडक्टर पोरगी नवी होती, माझ्याकडे पाहून बावरली, चुकीचं तिकीट फाडलं. एरवी मी तिला चार गोष्टी शिकवल्या असत्या.

विहारात उद्याच्या जयंतीची गडबड होती. निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, मुलींचा लेझीमचा सराव. प्रेमदासजींनी मला वाचनालयात बसवलं, स्वतः टेबलाच्या पलीकडे बसले. नंदिनीने पाणी आणलं आणि दारातच थांबली.

"पाह्यलं म्या पंचांग," मी सुरुवातच तिथून केली. "मुहूर्त कोणत्या दिवशी नाई ते पाहाले. हॉल भेटावा म्हणून."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा इतके हसले की खुर्ची करकरली. किसनरावांना त्यांनी जे म्हटलं ते मी लिहीत नाही. डोळे पुसले, माझ्यासाठी चहा सांगितला. सगळं मिटलं होतं. मला तिथेच उठता आलं असतं.

मग ते सहज म्हणाले, तसा बिनमुहूर्ताचा दिवस मेमध्येही सापडेल, मी आजच हॉल पाहतो, डिसेंबरच कशाला?

बसमध्ये जुळवलेली तीन कारणं माझ्याजवळ होती. मी तोंड उघडलं आणि नंदिनीकडे नजर गेली. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि अंकितने बूट काढताना जो प्रश्न विचारला तोच तिच्या चेहऱ्यावर होता. त्या पोरीला आई नाही. सासू तिला नाकारते आहे असं समजून ती तीन आठवडे नीट झोपली नसेल.

"मले उन्हाळ्यात मनाचा आजार येते," मी म्हटलं. "लोकाइले थंडीत येते म्हणे, मले उन्हात येते. होळीपासून जूनपर्यंत माह्यात मी राहत नाई. झोप नाई, भूक नाई, बसमध्ये रडून राह्यली मी. मेमध्ये लग्न केलं तं मी उभी राहीन, हसीन बी. कोणाले समजणार नाई. पण ते सारं खोटं राहीन. एकच पोरगं हाय मले. त्याचं लग्न मले खरं पाह्यचं हाय."

बाहेर लेझीमचा आवाज चालू होता. प्रेमदासजींनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि परत ठेवलं. घरी माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

"मंग हे आधी काऊन नाई सांगतलं, ताई?"

"लाज वाटे. पण पंचांगाचं नाव लागलं, ते त्याच्याहून सहन नाई झालं."

आता ते हसले नाहीत. मान हलवली, दोनदा. नंदिनी दारातून आत आली, माझ्याजवळची खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "डिसेंबरात कशा राह्यता तुम्ही?"

"डिसेंबरात माह्यासमोर बँड थकते."

"मंग डिसेंबरच," ती म्हणाली. तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रेमदासजींनी डायरी उघडली, पंचवीस मेवर एक रेघ मारली आणि चौदा डिसेंबर, रविवार असं लिहिलं.

जे घरच्या माणसाला अठ्ठावीस वर्षांत सांगितलं नाही ते होणाऱ्या व्याह्याला सांगून आले. परत येताना मन हलकं वगैरे काही झालं नव्हतं. डोकं दुखत होतं आणि ऊन मी म्हणत होतं. पण वर्ध्याला उतरले, औषधाच्या दुकानात गेले आणि पर्समधली चिठ्ठी सरळ करून काउंटरवर ठेवली.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीच्या मिरवणुकीत नाचले नाही. चौकात उभी राहून पाहिलं. कुणी विचारलं तर आज बरं नाही असं सांगितलं. उन्हाचं नाव घेतलं नाही.

आज दुपारी दुकानात जाऊन प्रभाकरला सगळं सांगितलं. तो एका मोटरला तार गुंडाळत होता. ऐकता ऐकता हात थांबले. "अठ्ठावीस वर्षं?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. तो दुकानातल्या कूलरच्या रांगेकडे पाहत राहिला.

"अन् मी कूलर लावत राह्यलो."

त्याला फार लागलं. मला वाटलं होतं रागावेल. त्याचं तोंड मात्र असं झालं की मलाच त्याची समजूत काढावी लागली. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, कूलरने काहीच फरक पडला नाही का? मी म्हटलं, पडला, थोडा पडला. हे त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण खोटंही नाही. दुपारी त्या अंधाऱ्या गार खोलीत जीव जरा थाऱ्यावर येतो. परवा डॉक्टरांकडे तो बरोबर येणार आहे, सीझनमध्ये दुकान बंद ठेवून.

अंकितला बापाने सांगितलं असावं. संध्याकाळी काही न बोलता माझ्या पलंगावर पायाशी येऊन बसला, मोबाइल पाहत राहिला. मी कूस बदलली तशी त्याने माझ्या पायावर हात ठेवला.

२५ मे, रविवार

आज लग्न असतं.

सव्वा महिना काही लिहिलं नाही. औषध चालू आहे. डॉक्टरीण म्हणते, पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच सुरू करू, हे येण्याआधी. झोप थोडी लागते. बाकी अजून आहे. पंधरा दिवसांची रजा घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदा एवढी रजा.

आज सत्तेचाळीस अंश. दुपारी नंदिनी आली, तोंडाला रुमाल बांधून, मोटरसायकलवर. माझ्याच्याने उठवलं नाही. पाहुणी घरात आली आणि मी पडून राहिले, असं आजवर कधी झालं नव्हतं. तिने स्वतः पाणी घेतलं, खुर्ची ओढली, बॅगेतून ऑफिसचे कागद काढले आणि माझ्या पलंगाशी बसून भरत राहिली. कशा आहात असं विचारलं नाही. बरं वाटेल असंही म्हणाली नाही. मध्ये एकदा कूलरची मोटर कुरकुरली तशी उठून तिला एक चापट मारली आणि परत बसली.

मी छताकडे पाहत विचार करत होते. आज मांडव असता तर या वेळी मी जरीची साडी नेसून दारात उभी असते, येणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार केला असता. लोक म्हणाले असते, कंडक्टरबाईंनी काय थाटात लग्न केलं. आणि अंकितच्या फोटोंत जन्मभर ती हसणारी बाई राहिली असती, जी मी नव्हे.

ते मी होऊ दिलं नाही. आज केससुद्धा विंचरले नाहीत, दोन घासांच्या वर जेवले नाही, आणि तरी मला माझा अभिमान वाटतो. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. राहू दे.

पाच वाजता नंदिनीने कागद आवरले. येते म्हणाली. मला फार बोलवत नव्हतं. "येजो," एवढंच म्हटलं, आणि ती दाराबाहेर पडली तरी मला रडू आलं नाही, हसूही आणावं लागलं नाही.